पाव गोळी

आमच्या भागात 'औषध' हा शब्द जपून वापरावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात "अमक्यानं औषध घेतलं" असं सांगा, ऐकणारा आधी कपाळाला हात लावेल आणि मग विचारेल, "कोन्या दवाखान्यात नेलं?" फवारणीच्या बाटलीलाही औषधच म्हणतात आणि लेकराच्या तापालाही औषधच देतात. म्हणून दुखण्याखुपण्याच्या औषधाला आम्ही 'गोळी' म्हणतो. बीपीची गोळी, शुगरची गोळी, कंबरेची गोळी. सासऱ्यानं सुनेला सगळ्यांदेखत मागावी, इतकी ती उघड्यावरची गोष्ट असते.

मी मात्र आठ महिने एक गोळी लपवून घेतली. गोळ्यांचा पत्ता बनियनच्या खिशात, खर्ऱ्याच्या पुडीमागे असायचा. पत्त्यातून गोळी दाबून काढली की 'टक' असा बारीक आवाज येतो. रात्री सगळं निजलेलं असताना तो आवाज मला कुणी टाळी वाजवल्यासारखा ऐकू यायचा. त्यामुळे मी आधी खोकायचो आणि खोकता खोकता गोळी काढायचो. बायको म्हणायची, "अजी, खोकला बरा होऊन नाई रायला तुमचा, दाखवा एकदा." मी म्हणायचो, "धूळ हाय."

सुरुवात २०२२ च्या नोव्हेंबरात झाली. कापूस घेऊन जिनिंगवर गेलो होतो. पुढे पन्नासेक गाड्या, ऊन डोक्यावर आलेलं, भाव सकाळपेक्षा उतरल्याची कुजबुज. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. हातापायाला मुंग्या आल्या, घशात कापसाचं बोंड अडकल्यासारखं झालं आणि तळव्यांना घाम फुटला. आता आपण जाणार, याची मला पक्की खात्री झाली. भावानं गाडी रांगेतच सोडून मला दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी निघाली, साफ होती. शुगर बरोबर, बीपी थोडं वाढलेलं. "गॅस आहे," असं सांगून परत पाठवलं. त्या महिन्यात तसं अजून चारदा झालं. एकदा बसमध्ये, एकदा चुलत्याच्या तेरवीला पंगतीत बसलेलो असताना आणि दोनदा घरी, काहीच चाललेलं नसताना.

माय म्हणाली नजर लागली. लिंबू उतरवलं, मीठ-मोहरी झाली. मी तिला अडवलं नाही. तिच्याजवळ जो इलाज होता, तो ती मनापासून करत होती.

मग तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर एक छोटी गोळी लिहिली. अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम, रात्री एक, १५ दिवस. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले. पंधरा दिवसांनी काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर साठ माणसं बसली होती. ते वाईट डॉक्टर होते असं मी आजही म्हणणार नाही. पण पुढचे आठ महिने त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघाले, हे खरं आहे.

गोळीनं काय होतं तेही सांगितलं पाहिजे, कारण तिला शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अर्ध्या-पाऊण तासात छातीतली धडधड अशी बसायची, जशी पहिल्या सरीनं रस्त्यावरची धूळ बसते. महिनाभरात पहिल्यांदाच मी सलग पाच तास झोपलो. सकाळी उठून बैलांना चारा टाकताना हात हलके वाटले. मेंदूत गाबा नावाचं एक द्रव्य असतं, जे मेंदूची धावपळ रोखतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. या जातीची पहिली गोळी १९६० साली बाजारात आली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तेव्हापासून जगभरच्या माणसांना हिनं अवघड दिवसांत हात दिला आहे. मलाही दिला. पण हा हात थोडक्या दिवसांसाठी आहे. रोज घेत राहिलं की मेंदू तिला सरावतो, मग तेवढ्यानं भागत नाही, आणि ती एकदम सोडली तर तो उसळून उठतो. हे मला चिठ्ठीबरोबर कुणी सांगायला हवं होतं.

पंधरा दिवस संपल्यावर मी मेडिकलवर गेलो. खिशातून रिकामा पत्ता काढून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं पाहिलं आणि तसाच भरलेला पत्ता पुढे सरकवला. चिठ्ठी मागितली नाही. मला बरंच वाटलं. आता कळतं की त्यानं ती मागायलाच हवी होती. अल्प्राझोलाम 'एच-वन' यादीतलं औषध आहे. हा नियम २०१३ साली निघाला आणि मार्च २०१४ पासून लागू झाला. या यादीतलं औषध विकताना दुकानदारानं रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. पत्त्यावर लाल चौकट छापलेली असते आणि डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे, असं तिच्यात लिहिलेलं असतं. तो पत्ता माझ्या छातीशी आठ महिने होता. ती चौकट मी एकदाही वाचली नाही.

एकाच्या दोन झाल्या. उन्हाळ्यापर्यंत ०.५ ची गोळी सकाळी एक आणि रात्री एक अशी गाडी आली.

एप्रिलमधली ती रात्र. उन्हाळी भुईमुगाला पाणी चालू होतं आणि आमच्या पाळीला त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती. ज्यानं ओलीत केलं आहे त्याला सांगायला नको. थ्री फेज रात्री बाराच्या पुढे येणार, म्हणजे माणूस बाराच्या पुढे वावरात. मी दहाला गोळी घेतली, साडेबाराला मोटर सुरू केली, दांड फोडला. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. उन्हं तोंडावर आली तेव्हा बायको मला हलवत होती. मी धुऱ्यावर आडवा होतो, बॅटरीचा उजेड पार गेलेला होता. पाणी रात्रभर भुईमूग ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात गेलं होतं. माझ्या एकाच पायात चप्पल होती. बायकोनं दुसरी शोधली. ती विहिरीच्या काठावर सापडली. आमच्या विहिरीला कठडा नाही. चपलेचं तोंड विहिरीकडे होतं आणि तिच्या पुढे मोजून हातभर जागा. मी तिथे कधी गेलो, काय करायला गेलो आणि परत कसा वळलो, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

"तुमी पेले काय?" तिनं विचारलं.

मी "हो" म्हणालो.

या ओळीवर मी लिहिताना बराच वेळ थांबलो. आयुष्यात दारूला न शिवलेला मी. पण दारू प्यालो हे खोटं कबूल करणं मला गोळीचं खरं सांगण्यापेक्षा सोपं वाटलं. पिणारा माणूस गावाला नवा नाही. त्याला रागावतात, सांभाळतात, सकाळी चहा देतात. पण 'पागलाच्या गोळ्या' घेणाऱ्याच्या घरी सोयरीक जुळताना चारदा विचार होतो, आणि माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. बायको पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तेही मी सोसलं, पण तोंड उघडलं नाही.

पोळ्याच्या तोंडावर गोळ्या संपल्या आणि मेडिकल बंद. दुकानदार गावाला गेला होता. वाटलं, बरं झालं, सुटलीच तर सुटेल. पहिली रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी बैलांच्या शिंगांना बेगड लावायला बसलो आणि बोटं अशी थरथरायला लागली की चकाकता कागद शिंगावर बसेना. भांडं पडलं तरी अंगावर वीज पडल्यासारखा दचकायचो. अंगाला चटचट घाम, कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं, डोळ्याला डोळा नाही. मला वाटलं, जुना आजार दहापट होऊन परत आला. तसं नव्हतं. एकदम सोडलेल्या गोळीचा तो परिणाम होता. त्यात झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हे मला पुढे कळलं.

त्या रात्री मी पत्ता काढून बायकोपुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, पत्ता दिव्याजवळ धरला, मागून-पुढून पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे तवा वावरात दारू नव्हती?"

मी मान हलवली. ती रडली नाही, रागावलीही नाही. "मंग सांगाव नाई काय बाप्पा," एवढंच म्हणाली आणि पदर खोचून आशाताईच्या घरी गेली.

आशाताई आमच्या गल्लीतलीच. शेतकरी आत्महत्या होणाऱ्या जिल्ह्यांसाठी राज्य सरकारनं २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, मन लागतं का, असं विचारत असत. आमच्याही दारात ती फॉर्म घेऊन येऊन गेली होती. तेव्हा मी "सगळं बरोबर" असं लिहून दिलं होतं. त्या रात्री तिनंच १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावून दिला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं किती दिवस, किती गोळ्या, शेवटची कधी, हे शांतपणे विचारलं. मग सांगितलं की हे घरी सोसायचं दुखणं नाही, उजाडल्याबरोबर दवाखाना गाठा, आणि फटफटीवर एकट्यानं जाऊ नका.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी मला जे पहिलं काम सांगितलं, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. आशाताईनं फोनवर विचारलं तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "घरात जेवढ्या गोळ्या आहेत, त्यांचे सगळे पत्ते पिशवीत घालून आणा. रिकामेही." बायकोनं किराण्याच्या पिशवीत सगळं भरलं. बाईंनी ते टेबलावर पत्ते मांडल्यासारखं मांडलं आणि दोन पत्ते उचलून बाजूला ठेवले.

एक होता इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलचा. गजकर्णासाठी मी त्या एप्रिलमध्येच घेतल्या होत्या. घामाच्या दिवसांत आमच्याकडे अर्ध्या गावाला गजकर्ण असतं आणि या कॅप्सूल घरोघरी असतात. बाईंनी सांगितलं की अल्प्राझोलाम शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं आणि ही कॅप्सूल नेमकं तेच अडवते. म्हणजे मी अर्धा मिलिग्रॅम घेतला, तरी अंगात त्याच्या कितीतरी वर साठत गेलं. या दोन गोष्टी एकत्र द्यायच्याच नसतात. दुसरा पत्ता कंबरदुखीच्या गोळीचा होता, तिच्यात ट्रॅमाडॉल होतं. ते आणि ही झोपेची गोळी मिळून श्वास मंदावतो. दारूचंही तेच. "या गोळीवर मोहाची एक घोटही नाही," असं त्यांनी माझ्याकडे न पाहता बायकोकडे पाहून सांगितलं. बायकोच्या तोंडावर त्या क्षणी काय आलं ते मी पाहिलं. विहिरीच्या काठावरची चप्पल आम्हा दोघांनाही एकदमच दिसली होती.

कातडीचा डॉक्टर वेगळा, कंबरेचा वेगळा, छातीचा वेगळा. माझी गोळी मी कुणालाच सांगितली नव्हती, मग त्यांनी तरी कसं ओळखावं?

बाईंनी बरंच विचारलं. दिवसाला चहा किती, खर्रा किती. खर्ऱ्यातल्या तंबाखूनं आणि सुपारीनं छातीची धडधड वाढते आणि मी दिवसाला सहा पुड्या खात होतो. ट्रॅक्टर चालवता का? रात्रीची लाइन कधी असते? शहरातल्या डॉक्टरनं रात्रीच्या लाइनचं विचारावं, याचं मला फार बरं वाटलं. मग त्यांनी सरळ विचारलं, मरणाचा विचार येतो का? मी "नाही" म्हणालो. थोड्या वेळानं "कधी कधी" म्हणालो. त्यांनी चेहरा बदलला नाही. बायकोला सांगितलं, गोळ्यांचा डबा तुमच्याजवळ ठेवा, फवारणीचं सगळं सामान घराबाहेर कुलपात जाऊ द्या आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या. त्याच दिवशी संध्याकाळी ते झालं.

मला वाटलं होतं, बाई ती गोळी फेकून देतील. त्यांनी ती परत सुरू केली. आधी थरथर थांबू द्या, मग पायरी पायरीनं उतरू. आणि दुसरी एक गोळी लिहिली, एस्सिटालोप्राम. ही रोगावरची. हिची सवय लागून मात्रा वाढवत जावी लागत नाही, पण हिला वेळ लागतो, दोन ते सहा आठवडे. पहिल्या दिवसांत मळमळ होईल, उलट थोडी घाबराटही वाढेल, तेव्हा भिऊन सोडू नका, फोन करा. आणि बरं वाटलं म्हणून ही पण स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. तसंच झालं. पहिले दहा दिवस जेवणावर वासना नव्हती. पाचव्या आठवड्यात एक दिवस तूर पाहायला गेलो आणि परत येताना लक्षात आलं, की आज छातीकडे लक्षच गेलं नव्हतं.

उतरणीला पाच महिने लागले. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी कमी. बायको नव्या ब्लेडनं, पाटावर पांढरा कागद ठेवून गोळी कापायची. गोळीच्या मध्यावर रेघ असते, त्या रेघेवर ब्लेड ठेवून दाबलं की ती बरोबर दुभंगते. अर्ध्याचं पाव करताना मात्र कण उडायचे. म्हणून बाईंनी पुढे कमी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. कॅलेंडरवर रोज एक फुली पडायची. अर्धी असेल त्या दिवशी अर्धी फुली. मधे एकदा बरं वाटतंय म्हणून मी घाई केली आणि दोन पायऱ्या एकदम उतरलो. तीन रात्री जागून काढल्या. बाई रागावल्या नाहीत. एक पायरी वर चढवली, महिनाभर तिथेच थांबवलं. शेवटची पाव गोळी सगळ्यांत अवघड गेली. एवढ्याशा तुकड्यानं काय होतं, असं लोक म्हणतात. मी ती सोडली त्या रात्री आम्ही दोघं सपरीत बसून होतो. पहाटे केव्हातरी मला झोप लागली.

माझा हा हिशोब कुणी आपल्या चिठ्ठीवर उतरवू नये. किती, किती दिवस आणि कशी उतरवायची, हे ज्याच्या त्याच्या अंगावर, वयावर आणि दुसऱ्या गोळ्यांवर ठरतं. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर गोष्ट आणखी वेगळी. शेजारची काकू एकदा म्हणाली, "मलेबी दे ना रे एक, झोप नाई लागत." ती सत्तरीची आहे, रात्री तीनदा उठून अंगणात जाते. म्हाताऱ्या माणसाला या गोळीनं पाय सुटतात, आणि तिथे पडलं की खुब्याचं हाड जातं. मी तिला गोळी दिली नाही. आशाताईबरोबर पुढच्या गुरुवारी दवाखान्यात पाठवलं. तिच्या झोपेचं कारण शेवटी गुडघे निघाले.

एस्सिटालोप्राम चालू आहे. सकाळी एक. रात्रीची लाइन असली की आता भाचा सोबत येतो, आणि विहिरीला कठडा बांधायला घेतला आहे. अर्धा झाला, उरलेला कापूस विकल्यावर.

काल सकाळी मी बैल सोडत होतो. सपरीत बायको तूर पाखडत बसली होती, शेजारी दोघी-तिघी गप्पा मारत होत्या. तिनं तिथूनच आवाज दिला, "अजी, गोळी घेतली काय?"

"कायची वो गोळी?" एकीनं विचारलं.

"जीव घाबरते ना यायचा, त्याची," ती म्हणाली, आणि सुपातली फोलपटं फुंकून पुढची तूर ओतली.